पेज म्हणजे खाणं नव्हे

"ॲस्पिरेशन न्यूमोनिया," परळच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले. "अन्न फुप्फुसात गेलंय. तोंडाने काय दिलंत?"

"काहीच नाही," मी ठासून सांगितलं. घरी जाऊन पेशंट सांभाळायची माझी पहिलीच ड्युटी, आणि सहाव्या दिवशी आजोबा ऑक्सिजनवर!

आजोबा लालबागच्या चाळीतले. स्ट्रोकनंतर त्यांना डिस्फेजिया झाला होता, म्हणजे गिळायला गेलं की घास श्वासनलिकेत उतरायचा. म्हणून नाकातून पोटापर्यंत राइल्स ट्यूब, बारीक नळी. सगळं अन्न पातळ करून तिच्यातूनच द्यायचं. रोज सकाळी आल्या आल्या मी आजींना विचारायचे, "यांना काही खायला नाही ना दिलंत?" आजी म्हणायच्या, "नाय गो बाय."

तिसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. पाचव्या दिवशी ताप. सहाव्या दिवशी छातीत घरघर, ओठ निळे.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी आजींवर खेकसलेच. "खरं सांगा, काय भरवलंत?"

"देवाची शप्पत, खावक कायच देऊक नाय. रोज सकाळी वाटीभर पेज तेवढी पाजलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग मी गारच पडले. म्हातारी खोटं बोललीच नव्हती. पेज कोण खातं? पेज पितात! 'सकाळपासून काही खाल्लं नाही, नुसती पेज प्यायले,' असं माझी आईच म्हणते. मालवणी घरातली मी, आणि रोज पोपटासारखा तोच प्रश्न विचारत बसले.

संताप माझाच आला. स्ट्रोकनंतर घरी सोडताना दिलेल्या डिस्चार्ज कार्डाचाही आला. 'निल बाय माउथ', तेही इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात. म्हणजे तोंडाने थेंबसुद्धा नाही. हे आजींना समजेल असं सांगायला डॉक्टरांकडे दोन मिनिटं नव्हती? मग माझ्याकडे तरी का नव्हती?

नऊ दिवसांनी आजोबा घरी आले. नशीब माझं.

तुमच्या घरी असा पेशंट असेल, तर नुसतं 'खायला' म्हणू नका. पेज, चहा, पाणी, तीर्थ, एकेकाचं नाव घेऊन नाही म्हणा. मी आता तसंच करते.

आजींनी मात्र स्वतःचीही पेज सोडली. "तुम्ही कशाला उपाशी राहता?" मी रोज ओरडते.

"त्यांका वास येता गो," आजी म्हणतात.