हिवाळ्याचा वारा विचारणारे गुरुजी

तुळशीराम इंगळे गुरुजींची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. गौरवग्रंथात हे शोभत नाही असे कोणी म्हणेल. पण मला अक्षर येत नाही, मी सांगते ते दुसरे लिहून घेतात, आणि खोटे सांगत बसायला या वयात वेळ नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. बुलढाण्यात नव्या कचेऱ्या, नवी घरे उठत होती आणि आमच्या वीटभट्टीला उसंत नव्हती. गुरुजी हायस्कुलात भूगोल शिकवीत. एके दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. मी म्हटले, "काऊन आले गुरुजी? शाळेले विटा पाह्यजेत का?"

"विटा नाही, मावशी. भट्टी तिथून हलवा, हे सांगायला आलो. हिवाळ्यात तिचा धूर साऱ्या वस्तीत बसतो."

"मंग माह्या घरचे सात तोंडं तुमचा भूगोल पोसते का?"

गुरुजी रागावले नाहीत. चहा न घेताच गेले. खरे तर चहा मी विचारलाच नव्हता.

भट्टीची जागा माझ्या मालकांनी, ते होते तेव्हा, पारखून घेतली होती. आमच्याकडे खळ्यावर धान्य उपणायच्या आधी मूठभर भुसा उडवून वारा पाहतात. मालकांनी तसाच भुसा उडवला. तो मावळतीच्या वाऱ्याने रानाकडे गेला, म्हणून गावाच्या उगवतीला चढावर भट्टी लागली. शिवाय बुलढाण्याची हवा! खालचे मलकापूर-नांदुऱ्याचे लोक उन्हाळ्यात मोटारीने घाट चढून ती खायला येतात. ती बिघडते हे कोण मानणार?

पण माझी सून कमल दर हिवाळ्यात खोकायची. रात्री बसून काढायची. होळीनंतर बरी व्हायची. मी म्हणायची, थंडी आली की हिला काम नको असते.

पौषात गुरुजी पुन्हा आले. नगरपालिकेने भट्टीबद्दल त्यांचे लेखी मत मागितले होते. त्यांनी ते दिले असते तर भट्टी त्याच आठवड्यात बंद झाली असती आणि पुढच्या खेपेसाठी रचलेल्या कच्च्या विटा मातीत गेल्या असत्या. म्हणून ते आधी माझ्याकडे आले. म्हणाले, "मावशी, उद्या सकाळी टेकडीवर या. मूठभर भुसा आणा. तुम्ही पाहा, मग मी लिहितो."

गुडघे शिव्या देत होते, तरी चढले. भुसा उडवला. तो माझ्याच पायांवर पडला. हलका होता तेवढा उताराने हळूहळू वस्तीकडे सरकला.

गुरुजी म्हणाले, "तुमच्या मालकांनी वारा विचारला तो उपणणीच्या दिवसांतला. हिवाळ्याचा विचारलाच नाही. थंड हवा जड असते. पाण्यासारखी खोलगटात उतरते आणि ऊन चढेपर्यंत तिथेच बसते."

मी खाली पाहिले. भट्टीचा धूर वर गेलाच नव्हता. तो वस्तीवर गोधडीसारखा पसरला होता. देवळाचे निशाण तेवढे दिसत होते. माझे घर मला सापडेना. आत कमल होती.

थंडीत पुन्हा भट्टी पेटवायची नाही, हे मी तिथेच कबूल केले. गुरुजींनी पालिकेकडून मुदत मिळवून दिली: कच्च्या विटा फाल्गुनात वारा सुटल्यावर भाजायच्या आणि जागा सोडायची.

माघात अवकाळी गारा आल्या. आम्ही विटा झाकायला धावलो, तर गुरुजी आधीच तिथे होते. शाळेची सतरंजी विटांवर ओढत होते.

"गुरुजी, टकलाले टेंगळं येतीन!" मी ओरडले.

"टेंगूळ उतरते, मावशी. वीट विरघळली की गेली!"

निम्म्या विटा वाचल्या. सतरंजीवरचे मातीचे डाग मात्र गेले नाहीत, आणि त्याबद्दल गुरुजींना हेडमास्तरांपुढे उभे राहावे लागले. हे मला दुसऱ्याकडून कळले. त्यांनी स्वतः कधी सांगितले नाही.

नव्या जागेची त्यांनी घाई केली नाही. तिन्ही ऋतूंचा वारा पाहिल्याशिवाय होकार नाही म्हणाले. ते वर्ष आम्ही दुसऱ्यांच्या विटा थापून काढले. कष्टाचे गेले, गुरुजींच्या नावाने मी बोटेही मोडली. मग घाटाकडच्या उघड्या माळावर भट्टी लागली आणि त्या पौषात कमल पाठ टेकून झोपली. चुलीचा धूर आहेच, खोकला पुरता गेला नाही. पण ते ढोंग नव्हते, हे मला टेकडीवरच कळले होते. तोंडाने म्हणायला जमले नव्हते.

आत्ता ती शेजारी तूर निवडते आहे. तिला म्हटले, "कमल, चुकलंच माह्यं."

"हाव, आत्याबाई," ती म्हणाली. "कागदावर घेतलं ना लिहून?"

घेतले. गुरुजींची साठी भरली. शाळेतून मोकळे झाले तरी त्यांचे वाऱ्यावरचे लक्ष काही सुटायचे नाही. त्यांनी शंभरी गाठावी, आणि डोळे-गुडघे शाबूत ठेवून गाठावी. तोवर मी नसेन. तरी दर पौषात त्यांच्या घरी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, गरम भाकर पोचेल, असा शब्द मी देते. कमलला विचारून देते.