टेन्शन घेऊ नकोस

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खालच्या मजल्यावरच्या काकू एकेकीच्या मनगटाला अत्तर लावत येत होत्या. माझ्यानंतर शेजारच्या नंदाने हात पुढे केला. तिच्या हातांवर सोरायसिसचे चट्टे आहेत. काकूंचं बोट हवेतच थांबलं. त्यांनी अत्तराची कुपी ठेवून दिली, गुलाबदाणी उचलली आणि लांबूनच तिच्यावर गुलाबपाणी शिंपडलं.

"टेन्शन घेऊ नकोस गं. टेन्शननेच वाढतं हे," त्या अगदी मायेने म्हणाल्या.

खरंच आहे. नंदाचे डॉक्टरही तेच सांगतात. चार बायकांत पुढे केलेला हात असा मागे घ्यावा लागला, की आठवड्याभरात चट्टे कोपरापर्यंत चढतात. ते बघून पुढची बाई आणखी लांबून शिंपडते आणि वर हाच सल्ला देते. घेऊ नकोस म्हणायचं आणि देत राहायचं, अशी आमची माया.

जिना चढताना नंदा मनगट खाजवत होती. "तुझ्या हाताला काय छान वास येतोय," ती म्हणाली. मी हात पदराआड घेतला.

पुढच्या शुक्रवारी हळदीकुंकू माझ्याकडे आहे. यंदा मी अत्तर आणणारच नाही. सगळ्यांनाच गुलाबपाणी शिंपडेन, म्हणजे नंदाला टेन्शन नको.