अडकणाऱ्या कळीची गोष्ट

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. लातूरला ज्या क्लासमध्ये मी गणित शिकवते, तिथली पोरं माझ्या चपलांचा आवाज आला की वह्या उघडून बसतात. पण माझ्या या रागाची आजवरची सगळ्यात मोठी फजिती झाली ती जुना लॅपटॉप विकताना, आणि ती आठवली की मला अजून एकटीला हसू फुटतं.

नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुन्यातलं सगळं पुसलं, त्याला कोरा केला आणि अहमदपूरला घरी नेला. वडलांना आम्ही दादा म्हणतो. दादा म्हणाले, "विकायचं माझ्यावर सोड." उभी हयात त्यांनी अहमदपूरच्या बाजारात बैलांचे सौदे केले, स्वतःचे कमी आणि दुसऱ्यांचेच जास्त. घेणारा आणि देणारा दोघं अडून बसले की लोक दादांना बोलवायचे. ते म्हणाले जनावर चांगलं आहे, की दावं सुटलंच. त्यांच्याकडे शेती बेताची, पण शब्दाला वजन भारी, आणि त्याचाच त्यांना अभिमान. म्हटलं, विका बापडे. मला काय माहीत, ते लॅपटॉपही बैलासारखाच विकतील!

तीन दिवसांनी फोनवर त्यांची जाहिरात बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. दादांनी लिहिलं होतं: "रंग राखाडी. वय सहा वर्षे. उजव्या कोपऱ्याला खरचटलेले आहे. झाकणाची बिजागरी किंचित सैल. चार्जर वेगळा घेतलेला आहे. उन्हाळ्यात तापतो, पण काम सोडत नाही. एकाच घरी वापरलेला." आणि खाली फोटो! लॅपटॉप पालथा घालून, तळावरची पट्टी ओल्या फडक्यानं पुसून, भर उन्हात काढलेला. सीरियल नंबरचा एकूण एक आकडा चष्म्याशिवाय वाचता येत होता.

तसाच फोन लावला. "दादा, हे काय करून ठेवलंत?"

"कामून? जनावराच्या पावतीवर खुणा लिहितेतच की."

"पावतीवर लिहितात! वेशीवर टांगत नाहीत! हा नंबर उचलून उद्या कुणीही म्हणेल, लॅपटॉप माझा आहे. गिऱ्हाईक समोर आलं, बोलणं झालं, की मग दाखवायचा असतो तो."

"लपवायला आपण काय चोरी केली का?"

माझं तोंड थांबेना. "बरं, एवढ्या उणिवा सांगितल्या, मग ती एक कळ अडकते ते कसं राहिलं?"

"ते समोर आल्यावर सांगू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी फोटो काढायला लावला, पण तीन दिवस तो जगासमोर होता.

त्याच तीन दिवसांत भोकरच्या एका बाईंचा फोन आलेला होता. त्यांना घरबसल्या ऑनलाइन शिकवायचं काम मिळालं होतं, सोमवारी सुरू होणार होतं, आणि लॅपटॉप मात्र स्वतःचा लागणार होता. रविवारी सकाळी अहमदपूरच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात भेटायचं ठरलं. दादांनी धुतलेलं धोतर, ठेवणीतला सदरा घातला. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून काखेत घेतला. मी मागं मागं.

बाई आल्या. माझ्याच वयाच्या, अंगानं बारीक, पण नजर धारदार. चहा पुढं आला तरी हात लावला नाही. लॅपटॉप पालथा केला, मोबाइल शेजारी धरला, आणि एक एक अक्षर जुळवत गेल्या. मग म्हणाल्या, "मामा, हा चोरीचा हाय."

झालं काय होतं, की दादांचा तो फोटो कुणीतरी उचलला होता आणि आपली वेगळी जाहिरात टाकली होती. बाईंनी चौकशी केल्यावर त्या माणसानं तोच नंबर पाठवून सांगितलं, 'माझा लॅपटॉप चोरीला गेलाय, अहमदपूरचा एक म्हातारा तो विकून राहिलाय, तिकडं जाऊ नका. माझ्याकडं तसलाच दुसरा आहे, पैसे पाठवा, घरपोच देतो.' बाईंनी पैसे पाठवले नव्हते. आधी स्वतः बघते, म्हणून त्या एसटीनं एवढ्या लांब आल्या होत्या. आणि नंबर तर तंतोतंत जुळला.

माझा पारा चढला. "चोर कुणाला म्हणता? तोंड सांभाळून बोला!" एवढं ओरडले की शेजारच्या टेबलावरची माणसं उठून आली. त्यातले दोघं-तिघं दादांना ओळखणारे. मी पर्समधून बिल काढलं, तर सहा वर्षांत त्याच्यावरची अक्षरं उडून पांढरी पट्टी उरलेली. लॅपटॉप उघडून दाखवावा, तर आतलं सगळं मीच शहाणपणानं पुसलेलं. ज्या बाजारात दादांच्या जबानीवर बैल सुटले, त्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर लोक त्यांच्याकडं बघत उभे होते. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी आणखी ओरडते.

"माय, तू जरा गप बस," दादा म्हणाले. मग बाईंकडं वळले. "ताई, कोंडवाड्यात एका बैलावर दोन मालक उभे राहिले, तर काय करतेत ठाऊक हाय? रंग, शिंगं कुणालाबी दिसतेत. तुमचा हा नंबरबी आता कुणालाबी दिसतोय, ती चूक माझी. न दिसणारी खूण इचारायची. जाहिरातीत मी समदं लिहिलं, एक सोडून. ती सवयच हाय मला. एक खूण मालकानं आपल्यापाशी ठेवायची आन् सौदा करताना फक्त घेणाऱ्याला सांगायची. लावा त्या माणसाला फोन. इचारा, चोरीला गेलेल्या लॅपटॉपची एक कळ अडकती, ती कोणती? आन् तिच्याखाली काय हाय?"

बाईंनी स्पीकरवर फोन लावला. पलीकडचा माणूस हसला. "कळ? छे हो मॅडम, एकही कळ अडकत नव्हती. एकदम नवा माल होता."

दादांनी बाईंच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. बाईंनी सगळ्यांकडं पाठ करून एक कळ दाबली. पुन्हा दाबली. मग नखानं हळूच उचलली, आणि ओरडल्या, "अगं माय! कुंकू!"

ते कुंकू आईचं. दरवर्षी दसऱ्याला ती विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन यांच्या रांगेत माझा लॅपटॉप मांडते आणि पूजा करते. एका वर्षी चिमूट जरा सढळ पडली. त्या कुंकवावरून मी आईशी दोन दिवस भांडले होते, टोकरून टोकरून काढलं तरी लाल गेलं नव्हतं. आणि आज त्याच कुंकवानं माझ्या बापाची लाज राखली! पलीकडच्यानं फोन कधी ठेवला ते कुणाला कळलंच नाही, एवढा हशा उठला. बाई दादांच्या पाया पडायला वाकल्या, तर दादांनी त्यांना वरच्या वर धरलं. "तुम्ही तपासलं ते बराबर केलं," म्हणाले. मग गार झालेला चहा परत पाठवून सगळ्यांना गरम चहा सांगितला. मी आनंदानं इतकी नाक ओढून रडत होते की हॉटेलवाल्यानं मला वेगळं पाणी आणून दिलं.

दादांनी तिथंच वहीच्या कागदावर पावती लिहिली. रंग, वय, ओरखडा, बिजागरी, सीरियल नंबर, सगळं. अडकणारी कळ लिहिली नाही. बाई बसमध्ये चढता चढता मला म्हणाल्या, "आम्ही बौद्ध, ताई. आमच्याकडं असली पूजा न्हाई. पण हे कुंकू मी पुसणार न्हाई. उद्या कुणी माझ्याकडून ढापला, तर माझा हाय हे सांगायला लागंल की!"

बाईंचे वर्ग सोमवारी सुरू झाले. त्यांनी पहिल्या दिवशी फोटो पाठवला: टेबल, वही, उघडा लॅपटॉप. तळाचा फोटो मात्र पाठवला नाही. दादा तो फोटो घेऊन गल्लीभर हिंडून आले.

त्या रविवारीच घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं होतं, आणि त्या दोन दिवसांच्या भांडणाची माफी मागितली. आई म्हणाली, "नव्याला या दसऱ्याला लावू का?" मी नवा लॅपटॉप आणून तिच्यापुढं ठेवला.

जुन्याची ती कळ कोणती, ते मी इथं लिहिणार नाही. आता लॅपटॉप त्या बाईंचा आहे.