राफ्टच्या यादीत घुसलेला आचारी

गणेशगुडीच्या एका लॉजवर मी आचारी. शाळेचं म्हणाल तर शाळेच्या भिंतीला टेकून बिडी वडलीया तेवढीच. खिडकीतनं रोज काळी नदीवरचे राफ्ट, म्हंजे पाहुण्यांना नेणाऱ्या रबरी होड्या, जाताना बघायचो, हातात झारा. एक दिवस आपनबी राफ्टवर जायाचंच, हे मनात घट्ट धरलेलं.

वल्हं मारायला येत हुतं, पोहायलाबी. पण कुनाला राफ्टवर पाठवायचं ते ठरवणारा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम मला घेईना. तो केलेला माझ्या भाचीनं. बेळगावात शिकून आली ती. तिला इचारलं, "बाय, मला का घेत न्हाई गं?"

"मामा, तो इचारतो, तू गाईड हायस का? तू आचारी. झालं."

"म्हंजे काय येतंय ते न्हाई, जात इचारतोय व्हय?"

तिला ते लागलं. चार दिवस बसून तिनं प्रोग्रॅम बदलला. म्हणाली, "आता इंटरफेस लिवलाय. म्हंजे काय काय करता यायला पायजे, तेवढीच मागणी. वल्हं मारनं, पोहनं, दोरी फेकनं. तिन्ही ज्याच्यापाशी हाय, तो चालतो. हुद्दा इचारायचाच न्हाई."

"आनि म्हशीला तिन्ही आलं तर?"

"म्हशीलाबी घेईल."

"मग मला लवकर घाल. म्हैस माझ्याआधी शिकंल."

तिनं एकेक इचारलं. दोरीपाशी आल्यावर मी छाती फुगवली, "येती की!" आयुष्यात कवा फेकली नव्हती. प्रोग्रॅमनं मला लगेच आत घेतलं.

पाहुण्यांबरोबर सोडायच्या आधी जुना गाईड म्हणाला, बघू तरी. तो सोता पान्यात उतरला, वाहत आला, वरडला, "फेक!" दोरी पिशवीत भरलेली असती. एक टोक आपल्या हातात धरायचं आनि पिशवी माणसाकडं फेकायची. मी ल्हानपनापासनं सुगीत भाताच्या पेंढ्या उडवीच्या ढिगावर फेकनारा. पेंढी दोन्ही हातांनी फेकून सोडून द्यायची असती. तशीच फेकली. नेम असा, की पिशवी गाईडच्या छातीवर.

वाहत जाता जाता तो वरडला, "आचाऱ्या, पोचली रे! दोन्ही टोकं पोचली! आता मला वडनार कोन?"

तो आपला आपन पोहत काठाला लागला. सगळे हसले, भाची न्हाई हसली. "मामा, प्रोग्रॅम एवढंच बघतो, दोरी फेकनं हाय का न्हाई. तू कशी फेकतोस ते त्याला दिसत न्हाई. पान्यात पाहुणा असता तर?"

"काढ मला," मी म्हटलं. "शिकतो, मग घाल."

मग रोज सकाळी पोह्यांना फोडनी द्यायच्या आधी मी काठावर. टोक सुटू नये म्हणून मनगटाला बांधलं, तर गाईडनं शिव्या घातल्या, "बुडनारा तुलाबी घेऊन जाईल! धरायचं, बांधायचं न्हाई." दोनदा मीच पान्यात पडलो, पण टोक धरूनच.

परवा गाईड परत उतरला. दोरी त्याच्या हाताशी पडली, त्यानं धरली, मी बुडावर आपटलो. बसल्या बसल्या वडत राहिलो. आला काठाला.

भाचीनं लॅपटॉप उघडला. "घालू, मामा?"

"थांब. त्याला अजून नऊ वेळा उतरू दे."

"आचाऱ्या, थंडी वाजतीया मला!"

"च्या देतो," मी दोरी पिशवीत भरत म्हटलं. "उतर."