प्रतापगडच्या यात्रेतली ‘आमाला’

खरं सांगते, त्या वर्षी माझा महादेवावरचा विश्वास ताकाइतका पातळ झाला होता. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हिवतापानं पावसाळ्यापासून धरलेलं. एरवी त्यांनी हाक मारली की आमच्या सानगडीच्या तळ्यावरचे बगळे उडून थेट अड्याळला जाऊन बसत. आता पाणी मागायचीही ताकद उरली नव्हती. बऱ्या झाल्या तर आमच्या जंगलातल्या प्रतापगडला महादेवाच्या दर्शनाला नेईन, असा नवस मी बोलून बसले. ताप उतरला, पण अंगातली थंडी काही जाईना. घरचे सगळे नको म्हणत असताना मी हट्टानं त्यांना महाशिवरात्रीच्या यात्रेला नेलं.

गर्दी अशी, की मुंगीलाही माणसांच्या डोक्यांवरूनच जावं लागलं असतं. बेल घ्यायला मी क्षणभर हात सोडला आणि आत्याबाई नाहीशा! डोंगराच्या पायथ्याशी मी सात फेऱ्या मारल्या. माझी जाऊ तीनच सांगते, पण ती तर घरी होती. हाका मारून गळा बसला. घरी कोणत्या तोंडानं जाऊ? शेवटी बेलाची पुडी छातीशी धरून मटकन खाली बसले. म्हटलं, “महादेवा, तुले आता काही मागत नाही. माझी म्हातारी तेवढी सांभाळ.”

तेवढ्यात शेजारच्या पालातून आवाज आला, “आमाला, आमाला!” आमच्याकडं असं कोणी बोलत नाही, आम्ही ‘आमाले’ म्हणणारी माणसं. या जंगलात एवढी पुस्तकी मराठी कोण बोलून राहिलं, म्हणून डोकावले. आत स्वेटरांच्या ढिगात आत्याबाई! अंगात लालभडक स्वेटर, हातात चहाचा पेला, आणि एक तिबेटी बाई त्यांचे तळपाय चोळत होती.

“काहून रडून राहिली व?” आत्याबाईंनी मलाच विचारलं. “हे बाई केव्हाची आमाला, आमाला करून राहिली. मले वाटलं, आमाले बोलावून राहिली. म्हून आली. पण चहात मीठ टाकते बिचारी. साखर कोणी देली नसन.”

बाईचं नाव डोल्मा. जवळच्याच तिबेटी वसाहतीतली; त्यांच्याकडं चहात मीठच घालतात. बर्फातून आलेली ही माणसं आमच्या उन्हात वितळून जातील, असं आम्हाला वाटलं होतं. पण ती चिखलात वाकून धानाचा रोवणा शिकली, उन्हाळ्यात गालिचे विणू लागली, हिवाळ्यात स्वेटरांचं गाठोडं पाठीवर घेऊन बाजार फिरू लागली.

“आमाला मतलब आई,” ती हळूच म्हणाली. “माझी आमाला बर्फात मागे राहिली. थंडीने कापणारी म्हातारी दिसली, की तोंडातून निघते.”

आत्याबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण स्वेटर काही उतरवला नाही. पुढं डोल्मा दर हिवाळ्यात सानगडीच्या बाजाराला आली, की आधी आमच्या ओसरीवर टेकायची आणि मग दोघी चहातल्या मिठावरून भांडायच्या.

लोक विचारतात, महादेव भेटला का? मला काय ठाऊक. मी जन्मभर त्याच्यापुढं ‘आमाले हे दे, आमाले ते दे’ करत आले. त्यानं मात्र दर वेळी ‘आमाला’, म्हणजे ‘आई’च ऐकलं असेल. आता मी काही मागत नाही. हात जोडते आणि तेवढंच म्हणते, आमाला.