टाकीचं नाक

पाळी गावाच्या वाटेवर माझी गाडी मध्येच बंद पडायची आणि जरा थांबलं की आपोआप सुरू व्हायची. डिचोलीच्या म्हाताऱ्या मेस्त्रीनं बॉनेट उघडलंच नाही. मला चालवायला लावून तो शेजारी डोळे मिटून पान चघळत बसला. गाडी बंद पडताच उतरून त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं. खाणीची लाल धूळ जाऊ नये म्हणून आत टाकीच्या तोंडाला रबरबँडनं बांधलेलं निळं प्लास्टिक होतं. ते सोडताच, हवेअभावी पेट्रोल अडवून धरलेल्या टाकीनं फुस्सकन श्वास घेतला.

"मास्तर, टाकीचा नाक कोणी बांधल्यान?"

"मेव्हण्यानं," मी ठोकून दिलं.

त्यानं प्लास्टिक माझ्या हातात ठेवलं. ते निरखायला मी खिशातून चष्मा काढला. तोही तसल्याच निळ्या प्लास्टिकात, रबरबँड लावलेला.

म्हातारा गालात हसला. "चष्मोय मेव्हण्यानच बांधल्यान?"