यादीतले पेंटरचाचा

ती घटना आठवली की आजही हातातला चहा निवून जातो. मी तेव्हा अकोल्यात, जुन्या शहरातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. दहशतवादावरचा एक राजकीय सिनेमा लागला होता. कोणी त्याला धाडसी म्हणत होतं, कोणी विषारी, आणि बऱ्याच समीक्षकांनी नुसता कंटाळवाणा म्हणून निकालात काढला होता. बंदोबस्तात भिंतीला टेकून मी तो दोनदा पाहिला. त्यातला पोलीस अधिकारी डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखतो. खोटं कशाला सांगू, मला तो आवडला होता.

शनिवारी सकाळी टॉकीजच्या तिकीट खिडकीवर कागद चिकटवलेला सापडला. 'खेळ बंद करा, नाहीतर टॉकीज उडवू.' बॉम्बशोधक पथकाने खुर्ची न् खुर्ची तपासली, काही मिळालं नाही. पंचनामा करून कागद जप्त केला. दुपारी खबऱ्याने बातमी आणली, की पेंटरचाचा चहाच्या टपरीवर म्हणाले, हा पिक्चर बंद पडला पाहिजे. चाचा म्हणजे साठीतले गृहस्थ. पूर्वी हाताने सिनेमाची पोस्टरं रंगवायचे, आता दुकानांच्या पाट्या. ठाण्यातल्या संशयितांच्या यादीत त्यांचं नाव होतंच. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं. भर गल्लीतून, सगळ्यांदेखत गाडीत घालून आणलं.

"म्हटलं ना साहेब," ते म्हणाले. "सारी जिंदगी याच टॉकीजची पोस्टरं रंगवली. बेकार पिक्चरले बेकार म्हनाचा हक नाई का मले?"

"तुमच्या मागे कोण आहे?"

"मागं कोनी नाई. घरी पोरगी हाय. उद्या अकरा वाजता अकोटचे पावने तिले पाहाले येऊन राहिले. तवापर्यंत सोडा जी."

मी सोडलं नाही. तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, आवाज चढवला. कागद मात्र दाखवला नाही. संशयिताला पुरावा दाखवायचा नसतो, ही आमची शिस्त.

रविवारी बारा वाजता, सगळे उपाय थकल्यावर, मी कागद त्यांच्यापुढे टाकला. चाचांनी तो वाचलाही नाही. उलटा केला आणि मागची सुकलेली खळ नखाने खरवडली.

"हे निळसर दिसते ना साहेब? मोरचूद हाय. उंदरानं पोस्टर खाऊ नाई म्हनून मैद्याच्या खळीत टाकतेत. हे पोस्टर चिकटवनाऱ्याचं काम हाय. कालच काहून नाई दाखवला?"

टॉकीजची पोस्टरं चिकटवणाऱ्याला बोलावलं. पाच मिनिटांत तो रडायला लागला. मॅनेजरनेच सांगितलं होतं. समीक्षा वाईट आल्या, खुर्च्या रिकाम्या. धमकीची बोंब झाली की लोक येतील. आलेही. त्या दुपारी बाहेर हाउसफुल्लची पाटी होती.

दोघांवर गुन्हा दाखल करून चाचांना सोडलं. पण पाहुणे अकराला येऊन गेले होते. बापाला बॉम्बच्या केसमध्ये नेलंय, असं त्यांना गल्लीतच कळलं. घोटभर पाणीही न पिता ते एसटीने परतले. मी स्वतः अकोटला गेलो, हात जोडले. मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, "तुमचं पटलं साहेब. पन लोकायची तोंडं कोन बंद करन?" सोयरीक मोडली ती मोडलीच.

यादीतून नाव कमी करायला मी जुनं रजिस्टर काढलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मोर्चाचे फलक रंगवले.' अक्षर माझं होतं. फौजदार म्हणून माझी पहिली नेमणूक याच ठाण्यात झाली होती. लिहिलं आणि विसरलो. माझ्यानंतर आलेल्या कोणालाही ते खोडावंसं वाटलं नाही. सिनेमातला तो अधिकारी चुकत नाही. आम्ही चुकतो, आणि आमच्या चुका दुसऱ्यांच्या घरात राहायला जातात. अरे, एक कागद दाखवायचा होता मला, शनिवारी!

निवृत्तीनंतर चाचांकडे गेलो. दार मुलीनेच उघडलं. चहा आणून समोर ठेवला.

मी म्हणालो, "बेटा, यादीतून नाव काढलं मी."

"ठान्यातून काढलं साहेब," ती म्हणाली. "अकोटातून कोन काढन?"

माझा चहा तसाच निवला.